एंटरवर पडणारं बोट

नुंगंबाक्कमला एका अरुंद इमारतीत तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, आणि या दोघांच्या मध्ये बावीस माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी. या कंपनीत दोन पंगती होत्या. आतल्या एसीच्या खोलीत प्रोग्रामर बसत. बाहेर, पाण्याच्या कॅनशेजारी, पंख्याखाली, इन्स्टॉलेशनची पाच माणसं बसत. बसत म्हणजे काय, सकाळी हजेरी लावून पिशवी उचलण्यापुरती टेकत. या पाचांपैकी चार पुरुष होते आणि पाचवी विद्यालक्ष्मी.

तिची पिशवी खाकी रंगाची, शिवणीवर दोनदा टाके घातलेली. आत प्रोग्रॅमच्या सीड्या, एक स्क्रू-ड्रायव्हर, एक जादा माउस आणि दहीभाताचा डबा. १९९५पासून, म्हणजे सीड्यांच्या आधी फ्लॉप्या होत्या तेव्हापासून, ही बाई चेन्नईभर हिंडून लोकांच्या कॉम्प्युटरांत कंपनीचे प्रोग्रॅम बसवत होती. काम विचारलं की ती "इन्स्टॉलेशन" एवढं एकच उत्तर द्यायची, आणि ते अशा थाटात द्यायची की विचारणाऱ्याला वाटावं, ही बाई धरणाचे दरवाजे बसवते.

ती मूळची तंजावरची. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिथलेच झाले. घरात मराठी, बाहेर तमिळ. तिची मराठी ऐकणाऱ्याला जुनी पोथी वाचल्यासारखी वाटे, आणि ती लिहायची म्हटलं तर विद्यालक्ष्मी तमिळ लिपीत लिहायची, कारण देवनागरी तिला कुणी शिकवलीच नव्हती. वडील विजयेंद्र राव यांचं तंजावरला टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होतं. त्या गावात ज्याला सरकारी नोकरी हवी तो आधी त्यांच्या बाकावर येऊन बसे. विद्यालक्ष्मी सोळाव्या वर्षी तमिळ आणि इंग्रजी दोन्ही टाइपिंगची 'हायर' परीक्षा पास झाली. विजयेंद्र रावांचा नियम एकच, डोळे कागदावर ठेवायचे. बोटांकडे बघणाऱ्याच्या बोटांवर पट्टी बसे. मुलीला त्यात सवलत नव्हती, उलट दोन पट्ट्या जास्तच.

पुढे तिनं गणितात बी. एस्सी. केलं, राजगोपाल नावाच्या शाळामास्तरांशी लग्न करून पश्चिम मांबलमला आली, आणि विम्याच्या फॉर्मांची डेटा एंट्री करत सात वर्षं एका हॉलमध्ये काढली. त्या हॉलमधल्या चाळीस बायकांपैकी एकही स्क्रीनकडे बघत नसे. तिथून ती या कंपनीत आली. इंजिनिअरिंगची पदवी नाही, म्हणून एसीच्या पंगतीत तिचं पान कुणी मांडलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रक्त-लघवी तपासणारी एक लॅबोरेटरी. मुख्य लॅब एग्मोरला आणि नमुने घेणारी एकतीस सेंटरं, उत्तरेला एन्नोरपासून दक्षिणेला तांबरमपर्यंत. प्रत्येक सेंटरवर एक कॉम्प्युटर आणि त्याच्यावर बसलेली एक ऑपरेटर. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात हा प्रोग्रॅम स्वतंत्र बसवावा लागे. त्यातली मेख अशी, की प्रोग्रॅममध्ये काडीचा बदल झाला तरी एकतीस वेळा पिशवी उचलणं आलं. २००३ साली रिपोर्टावर छापायचा साखरेचा एक आकडा बदलला. एक आकडा. तो बदलायला विद्यालक्ष्मीला एकोणीस दिवस लागले, आणि शेवटच्या सेंटरची पायरी ती चढत असताना ऑफिसचा फोन आला की आता थायरॉइडचा आकडाही बदलायचा आहे. दुसरी एखादी तिथेच पायरीवर बसून रडली असती. विद्यालक्ष्मीनं त्या पायरीवर डबा खाल्ला आणि परत पहिल्या सेंटरची बस धरली.

खरं सांगायचं तर तिला हे आवडत होतं. एकतीस ठिकाणी एकतीस ऑपरेटर तिची वाट बघत. आपण आल्याशिवाय इथलं पान हलत नाही, हा रुबाब काही लहान नाही, आणि ज्याला तो कधी मिळाला नाही त्यानं त्याला हसू नये.

२००५मध्ये नाशिकची ऋजुता नावाची पंचविशीची मुलगी एसीच्या पंगतीत रुजू झाली. चेन्नईत मराठी कानावर पडणार नाही, अशी मनाची तयारी करून ती आली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं पाण्याच्या कॅनपाशी उभ्या असलेल्या, मोगरा माळलेल्या एका प्रौढ बाईला फोनवर बोलताना ऐकलं, "तूं उगी रहा. मी आत्तां येतें." ऋजुताच्या हातातला पेला तसाच राहिला. आपल्याला भास झाला असं वाटून ती पुन्हा पाणी प्यायली. मग ओळख झाली, आणि ऋजुता तिला मॅडम म्हणता म्हणता महिन्याभरात अक्का म्हणू लागली.

ऋजुताच्या डोक्यात एकच खूळ होतं, ब्राउझर. तोवर ब्राउझर म्हणजे वाचायची वस्तू होती. लोक त्यात रेल्वेचं टाइमटेबल बघत, बारावीचा निकाल बघत, फार तर मेल वाचत. एक पान उघडायचं, वाचायचं, दुसऱ्यावर जायचं, आणि दर वेळी पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचं. पण त्या सुमाराला माउसनं सरकवता येणारे नकाशे आले. पान न बदलता आपोआप येऊन बसणारी मेल आली. ऋजुतानं मालक गुरुमूर्तींना आपल्या टेबलाशी बोलावलं, नकाशावर नुंगंबाक्कम धरलं आणि माउसनं ओढत ओढत एन्नोरपर्यंत नेलं. पान एकदाही कोरं झालं नाही. ती म्हणाली, सर, हे आता पुस्तक राहिलेलं नाही, हे यंत्र झालंय. लॅबचा प्रोग्रॅम आपण याच्यात चालवायचा. सेंटरवर काही बसवायचंच नाही. ऑपरेटर पत्ता टाकेल आणि कामाला लागेल, आणि बदल करायचा तो एकदाच, इथे बसून.

गुरुमूर्ती व्यवहारी माणूस होते आणि सरळही. नकाशा त्यांनी स्वतः दोनदा ओढून बघितला आणि होकार दिला. २००६च्या एप्रिलमध्ये नवा प्रोग्रॅम आकाराला आला, तेव्हा त्यांनी इन्स्टॉलेशनच्या पाचही जणांना आत बोलावून स्पष्ट सांगितलं. ब्राउझरचा प्रोग्रॅम एकतीस सेंटरांवर चालू झाला की बसवायला काही उरणार नाही, आणि हा विभाग सप्टेंबरअखेर बंद होईल. आतापासून दुसरं बघा, मी शिफारशीच्या चिठ्ठ्या देतो. चौघं बघायला लागले. विद्यालक्ष्मी शेहेचाळीस वर्षांची होती. तिनं खुर्ची जागेवर सरकवली आणि पिशवी उचलून वेलाचेरीला गेली, कारण तिथला प्रिंटर अडला होता.

पहिली चाचणी जूनमध्ये, एन्नोरच्या सेंटरवर झाली. तिथली ऑपरेटर धनलक्ष्मी, कोळीवाड्यातली, चाळिशीतली, आणि सगळ्या सेंटरांत वेगवान म्हणून नाव असलेली. तिनंही तरुणपणी टाइपरायटिंगच्या बाकावर पट्ट्या खाल्ल्या होत्या. सकाळी सातपासून उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग, औष्णिक केंद्रातले कामगार, मासळीवाल्या, राखेनं छाती भरलेली म्हातारी माणसं. ऋजुता आणि विद्यालक्ष्मी मागे उभ्या. धनलक्ष्मीनं पहिली चिठ्ठी डावीकडे ठेवली, नजर चिठ्ठीवर रोवली आणि बोटं चालू केली. नाव, एंटर. वय, एंटर. पुरुष की बाई, एंटर. पत्ता, एंटर. तपासणी, एंटर. दहा वर्षं तिचे हात असेच चालत होते. एकदाही मान वर नाही.

पाऊण तासानं ऋजुतानं एग्मोरला फोन लावून विचारलं, एंट्र्या येतायत ना? तिकडून मुख्य लॅबवाला म्हणाला, येतायत तर, दोनशेच्या वर माणसं आली, पण एकालाही वय नाही. काहींचं नाव 'बावन्न' आहे, एकाचं नाव 'पुरुष' आहे, आणि 'कामराज नगर' नावाच्या गृहस्थांची साखर तपासायची आहे का?

झालं होतं ते एवढंच. ब्राउझर हा वाचकांचा, चिठ्ठीचपाटीवाल्यांचा. त्याच्या लेखी एंटर म्हणजे 'झालं माझं लिहून, पाठवा'. धनलक्ष्मीच्या लेखी एंटर म्हणजे 'पुढच्या घरात चला'. टाइपरायटरची दांडी ओढून पुढच्या ओळीवर जावं, तसं ते बोट आपोआप पडायचं. त्यामुळे दर एंटरला अर्धवट फॉर्म एग्मोरला रवाना होत होता आणि पुढचा शब्द कोऱ्या फॉर्मात नावाच्या घरात जाऊन पडत होता. शिवाय तिनं सवयीनं 'सेव्ह' म्हणून एफ-फाइव्ह दाबलं की ब्राउझर पान नव्यानं आणून होतं नव्हतं ते पुसून टाकायचा. आणि घराबाहेर कर्सर असताना चूक खोडायला बॅकस्पेस मारलं, की ब्राउझर थेट मागच्या पानावर. रांग तटली, लोक ओरडायला लागले, आणि विद्यालक्ष्मीनं जुना प्रोग्रॅम उघडून दिला तेव्हा कुठे सेंटर शांत झालं.

त्या दिवशी दुपारी गुरुमूर्तींच्या खोलीत ऋजुता रडकुंडीला आली होती. प्रोग्रॅम बरोबर आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पुढच्या घरात जायला टॅबचं बटण असतं, जगभर लोक टॅबच वापरतात. मग तिच्या तोंडून निघून गेलं, की ऑपरेटर फारशा शिकलेल्या नाहीत, त्यांना वेळ लागणार, अक्कांनी सगळीकडे जाऊन टॅब शिकवावं. गुरुमूर्तींनी मान डोलावली. विद्यालक्ष्मीनं पिशवी उचलली.

ती घरी आली आणि राजगोपालांना सगळं सांगितलं. चूक कुठे आहे हे तिला एन्नोरला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. शिकवून हे होणार नाही हेही तिला कळत होतं. वीस वर्षांचा हात आठवड्यात वळत नाही. म्हणजे ती सांगितल्याप्रमाणे मुकाट्यानं टॅब शिकवत फिरली, तर नवा प्रोग्रॅम आपल्या मरणानं मरणार होता, लॅब जुनाच ठेवून घेणार होती, आणि तिची पिशवी तिच्या खांद्यावर राहणार होती. कुणी तिला बोल लावू शकलं नसतं. तिनं तर आज्ञाच पाळली असती.

राजगोपालांनी पेपर बाजूला ठेवला. "तूं उगी रहा कीं," ते म्हणाले. "तुज कोण विचारलें? त्यांचें त्यांस कळेल तेव्हां कळेल."

आणि ती उगी राहिली. ही गोष्ट तिच्या मोठेपणाची आहे म्हणून हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नऊ दिवस ती सेंटरमागून सेंटर फिरली, टॅबचं बटण कुठे आहे ते दाखवलं, ऑपरेटरांनी माना हलवल्या, आणि तिची पाठ वळताच त्यांची बोटं एंटरवर पडली. नऊ दिवस तिनं वहीत 'ट्रेनिंग दिलं' असं लिहिलं.

दहाव्या दिवशी ती पुन्हा एन्नोरला गेली. धनलक्ष्मी तिच्याआधी येऊन बसली होती. तिनं डाव्या हाताच्या मागच्या बाजूला निळ्या पेनानं मोठ्या अक्षरांत 'टॅब' लिहून ठेवलं होतं. दर घरानंतर ती मान वर करायची, स्क्रीन बघायची, हात बघायची, बटण शोधायची. आठ एंट्र्यांना तिला अर्धा तास लागला. जी बाई एका सकाळी तीनशे चिठ्ठ्या उडवायची, ती शाळेतल्या ढ मुलीसारखी बसली होती. मग ती विद्यालक्ष्मीकडे वळली आणि तमिळमध्ये हळूच म्हणाली, "अक्का, खरं सांग. माझ्या हातालाच काही झालंय का? डोकं चालेनासं झालंय का माझं?"

विद्यालक्ष्मीला शरम वाटली. साधी नव्हे, कानाच्या पाळ्या तापवणारी शरम. या बाईचे हात तिला ठाऊक होते. ते हात म्हणजे तिच्या बापानं शिकवलेले हात होते, विम्याच्या हॉलमधल्या चाळीस बायकांचे हात होते, तिचे स्वतःचे हात होते. आणि आपली नोकरी टिकावी म्हणून ती त्या हातांना चुकीचं ठरू देत होती. तिनं रुमाल ओला करून धनलक्ष्मीच्या हातावरचं 'टॅब' पुसून काढलं आणि सांगितलं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही, थोडे दिवस जुन्यावर कर, मी बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदाच न विचारता एसीच्या खोलीत शिरली आणि ऋजुतापाशी जाऊन उभी राहिली. "त्यांचे हात चुकत नाहींत," ती म्हणाली. "तुझें पान चुकतें. ऊठ, दाखवितें."

तिनं ऋजुताच्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम उघडला, मॉनिटरचं बटण दाबून पडदा काळा केला आणि वीस चिठ्ठ्या टाइप केल्या. मग पडदा चालू केला. वीसच्या वीस बरोबर. हेच तिनं नव्या प्रोग्रॅमवर केलं आणि शंभरेक अर्धवट भुतं निघाली. मग तिनं ऋजुताला विचारलं, तुझा प्रोग्रॅम पडदा बंद करून चालवून दाखव. ऋजुताला अर्थातच ते जमेना. ऋजुता गुणी मुलगी होती. चूक पदरात घ्यायला तिला दोन मिनिटं लागली, आणि 'शिकलेल्या नाहीत' हे आपले शब्द आठवून ती पार कानकोंडी झाली. ती म्हणाली, एंटर हा ब्राउझरचा स्वतःचा नियम आहे अक्का, पण ब्राउझरच्या आत आता आपला कोड चालतो. बटण दाबल्याबरोबर, ब्राउझर काही करायच्या आत, आपण ते पकडू शकतो. इतकी बटणं, इतक्या सवयी, मला त्या कुठे ठाऊक आहेत? तुम्ही सांगा, मी लिहिते.

विद्यालक्ष्मी म्हणाली, मला शिकव, मीच लिहिते.

जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत ती जावास्क्रिप्ट ही ब्राउझरच्या आत चालणारी भाषा शिकली. दुपारी डबा खाताना ऋजुता शिकवायची आणि विद्यालक्ष्मी वहीत तमिळ अक्षरांत मराठी टिपणं घ्यायची, त्यात इंग्रजीचे तुकडे. ती वही ऋजुतालाच काय, जगात दुसऱ्या कुणालाही वाचता आली नसती. पहिल्याच आठवड्यात एंटर पकडला गेला आणि कर्सर शहाण्यासारखा पुढच्या घरात जाऊन बसला. फक्त पत्त्यानंतर तो गायब व्हायचा. दोन दिवस ती त्याच्या मागे होती. शेवटी सापडलं, की पानात डोळ्यांना न दिसणारं एक घर होतं आणि कर्सर इमानेइतबारे त्या घरात जाऊन बसत होता. मग एफ-फाइव्ह. त्याला पान पुसू न देता सेव्ह करायला लावायचं, तर तिथे वापरातला ब्राउझर ऐकायलाच तयार नव्हता. त्याला कसं फसवायचं हे तिनं स्वतः शोधून काढलं, आणि त्या दुपारी ऋजुतानं आपल्या डब्यातली शेवटची पुरणपोळी न मागता तिच्या झाकणात ठेवली. मग बॅकस्पेस. मग प्रत्येक सेंटरच्या बारीकसारीक खोडी. कुणी वयाच्या पुढे शून्य लावी, कुणी 'पुरुष'च्या जागी एक आकडा टाकी. त्या कुठल्याही कागदावर लिहिलेल्या नव्हत्या. अकरा वर्षं पिशवी घेऊन हिंडलेल्या बाईच्या डोक्यात त्या होत्या.

ब्राउझर आयुष्यभर वाचनालयात बसलेला. त्याला कामाच्या ठिकाणी उभं राहायला तिनं शिकवलं, असं ऋजुता सगळ्यांना सांगत सुटली होती. विद्यालक्ष्मीची परीक्षा मात्र एकच. रोज संध्याकाळी साडेपाचला पडदा बंद करायचा, पन्नास चिठ्ठ्या टाइप करायच्या आणि पडदा उघडायचा. पन्नासातली एक चुकली तरी ती उद्याचं काम.

गुरुमूर्तींनी एकदा तिला आत बोलावून दार लावलं. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करताय हे तुम्हाला समजतंय ना? हा प्रोग्रॅम चालत नव्हता तोवर तुमचं काम होतं. तो तुमच्याच हातानं चालता झाला तर सप्टेंबरअखेर तुम्हालाच घरी बसावं लागेल. ती म्हणाली, समजतंय. सर, मी बसवलेला प्रोग्रॅम अकरा वर्षांत कधी ऑपरेटरला रडवून आलेला नाही, आता शेवटच्या वेळीही येणार नाही. गुरुमूर्तींनी दार उघडलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एग्मोरच्या मुख्य लॅबमध्ये शेवटची चाचणी ठरली. लॅबच्या मालकीण डॉक्टर चंद्रिका स्वतः बसणार होत्या. त्यांनी आधीच कळवलं होतं, की जूनसारखा घोळ झाला तर ही शेवटची वेळ, आम्ही दुसरी कंपनी बघू. हॉलमध्ये सात-आठ सेंटरांच्या ऑपरेटर, मागे तंत्रज्ञ, एका बाजूला गुरुमूर्ती घाम पुसत, ऋजुता नखं खात. मध्ये टेबलावर एक कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर लॅबच्या स्वागतकक्षातून उचलून आणलेला होता. विद्यालक्ष्मीनं त्याला त्याआधी कधी हात लावला नव्हता, त्याच्यात काहीही बसवलेलं नव्हतं. ऋजुतानं ब्राउझर उघडला, पत्ता टाकला, आणि लॅबचा प्रोग्रॅम समोर उभा राहिला. अकरा वर्षं जे विद्यालक्ष्मीनं खांद्यावरून वाहिलं, ते इथे तिच्या आधी येऊन बसलं होतं.

एन्नोरहून धनलक्ष्मीला बोलावलं होतं. ती नवी साडी नेसून आली होती आणि खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही, कारण विद्यालक्ष्मीनं सगळ्यांना तशी ताकीदच दिली होती. समोर फक्त चाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. धनलक्ष्मीनं पहिली चिठ्ठी डावीकडे ठेवली, नजर रोवली आणि बोटं चालू केली. नाव, एंटर. वय, एंटर. हॉलमध्ये फक्त बटणांचा आवाज. मध्ये तिनं एका ठिकाणी चूक केली, बॅकस्पेस मारलं, पुढे गेली. एफ-फाइव्ह, पुढची चिठ्ठी. एफ-फाइव्ह, पुढची चिठ्ठी. तिसाव्या चिठ्ठीला कुणाचा तरी फोन वाजला, तरी तिची मान हलली नाही. विद्यालक्ष्मी स्क्रीनकडे बघत नव्हती. ती फक्त धनलक्ष्मीच्या उजव्या हाताच्या करंगळीकडे बघत होती.

चाळीस झाल्या. धनलक्ष्मीनं गठ्ठा ठोकून नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि बिचकत डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टरम्मा, हे झालं. आता ते नवीन कधी सुरू करायचं?"

हॉलमध्ये आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ऋजुताला हसू फुटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एका तंत्रज्ञानं यादी छापून आणली, डॉक्टर चंद्रिकांनी स्वतः चाळीस चिठ्ठ्या ताडून बघितल्या. चाळीस माणसं, चाळीस वयं, एकाचंही नाव 'पुरुष' नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, हे कुणी केलं?

गुरुमूर्तींनी सवयीनं ऋजुताकडे हात केला. ऋजुता उठून बाजूला झाली आणि तिनं विद्यालक्ष्मीकडे बघितलं. अकरा वर्षं अशा प्रत्येक प्रश्नाला विद्यालक्ष्मीचं उत्तर ठरलेलं होतं: ऑफिसला विचारून सांगते. या वेळी तिनं पदर सारखा केला.

"मी केलं," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही तर सीडी घेऊन येणाऱ्या ना?

"येत होते," विद्यालक्ष्मी म्हणाली. "आता मी प्रोग्रामर आहे."

ती गुरुमूर्तींकडे बघून बोलली नाही, पण सगळ्या हॉलनं त्यांच्याकडेच बघितलं. त्यांनी एकदा रुमाल कपाळाला लावला. मग ते स्वच्छ आवाजात म्हणाले, हो, या आमच्या प्रोग्रामर, श्रीमती विद्यालक्ष्मी. ते एकदा बोलले ते बोलले. एक ऑक्टोबरला इन्स्टॉलेशन बंद झालं आणि तिची खुर्ची आत गेली.

डॉक्टरांचा अजून एक प्रश्न राहिला होता. एन्नोरला, तांबरमला काही बिघडलं तर दुरुस्त करायला कोण येणार? विद्यालक्ष्मी म्हणाली, कुणी यायला नको. मी नुंगंबाक्कमला बसून दुरुस्त करीन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकतीसही जणींच्या पुढे ते दुरुस्त झालेलं असेल. हे बोलताना तिचा ऊर अभिमानानं भरून आला होता आणि तिनं तो लपवलाही नाही.

सगळे पांगल्यावर धनलक्ष्मी लॅबच्या पायऱ्यांवर तिच्यासाठी थांबली होती. तिनं आतलं सगळं ऐकलं होतं. चाळीस चिठ्ठ्यांचं तिला काही वाटत नव्हतं, ते तर तिचं रोजचंच. तिनं वेगळंच विचारलं.

"म्हणजे अक्का, तू आता एन्नोरला येणार नाहीस?"

विद्यालक्ष्मीनं सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, ही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. मग तिनं धनलक्ष्मीचा उजवा हात आपल्या हातात घेतला, दहा वर्षं एंटर दाबून दाबून त्या करंगळीचं टोक घट्ट झालं होतं.

"येईन की," ती म्हणाली. "आजवर दर वेळी काहीतरी बिघडलं म्हणून आले. आता काही बिघडलं नसताना येईन."